कागोंचे दार

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून वाटाड्यासोबत पायी हिंडण्याची सहल हा तिथला मोठा व्यवसाय आहे. आठ-दहा जणांचा गट, सरकारी पदविका घेतलेला वाटाड्या, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरची चाल. जड सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जाते. चालणाऱ्याच्या पाठीवर फक्त पाणी आणि दुपारची शिदोरी. झाडावर, दगडावर पांढरी-तांबडी पट्टी दिसली की वाट बरोबर आहे असे समजायचे. अशी पहिली लांब वाट 1947 साली ऑर्लेआँजवळ लवार नदीकाठी आखली गेली. रात्री मुक्कामाच्या घरी सगळे एकाच लांब टेबलावर जेवतात. आडनाव विचारून कोणाचे ताट वेगळे मांडले जात नाही.

ही श्रीमंतांची चैन आहे, आपल्याला तिचे काय, असे आमचा एखादा कार्यकर्ता म्हणेल. त्याने 1936 साल आठवावे. त्या वर्षी मे-जूनमध्ये फ्रान्सच्या लाखो कामगारांनी कारखान्यांत ठिय्या दिला. 20 जूनला कायदा झाला आणि मजुराला वर्षाला पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. लिओ लाग्रांज या उपमंत्र्याने रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले आणि असंख्य कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र आणि डोंगर पाहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढे ते मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात 1945 साली दुरुस्ती झाली आणि आपल्या कामगाराला सलग दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. विसावा हा उपकार नाही, हक्क आहे, हे दोन्हीकडे लढूनच पटवावे लागले.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. या पायवाटांपैकी एक वाट पिरेनीज डोंगराच्या कडेने जाते. तिच्यावर सें-एत्येन-द-बैगोरी हे बास्क लोकांचे गाव लागते. गावच्या चर्चला मोठे दार आहे, आणि बाजूला बुजवून टाकलेले दुसरे एक दार आहे. ते कागोंचे दार.

कागो म्हणजे फ्रान्सचे अस्पृश्य! आमचे काही विद्वान अस्पृश्यता ही केवळ वंशभेदातून आली असे सांगत असतात. त्यांनी हे दार पाहावे. कागोंचा धर्म तोच, देव तोच, भाषा शेजाऱ्याचीच. तरी वस्ती गावाबाहेर, चर्चमध्ये शिरायचे दार वेगळे, पवित्र पाण्याचे भांडे वेगळे. प्रसादाची भाकरी काही ठिकाणी काठीच्या टोकावरून मिळे. लग्न आपसातच करायचे. धंदा बहुधा सुतारकीचा, कारण लाकडातून विटाळ पसरत नाही अशी समजूत! चौदाव्या शतकात गास्तों फेब्यूस या सरंजामदाराने माँतानेरच्या किल्ल्याचे लाकूडकाम कागोंकडून करून घेतले. कित्येक चर्चची छपरेही त्यांच्याच हातची. छप्पर घालणाऱ्याला दार मात्र बाजूचे.

ते महारोग्यांचे वंशज, ते पराभूत गॉथांचे वंशज, अशा नाना कथा सांगितल्या गेल्या. त्यातली एकही सिद्ध झालेली नाही. बाबासाहेबांनी 1948 च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हे मत खोडून काढले, ते इथे आठवते.

1460 साली बेआर्न प्रांताच्या सभेने मागणी केली की कागोंनी रस्त्यावर अनवाणी चालू नये आणि अंगरख्यावर बदकाच्या पंजाची खूण लावावी. आपल्याकडे फर्मान होते की वाड्यावरून जाताना पायात जोडा घालू नका. तिकडे म्हणत, जोड्याशिवाय चालू नका. नियम उलटा, डोके तेच! ज्या मुलखात आज लोक पैसे मोजून चालायला जातात, तिथे चालण्यावरच हा पहारा होता.

चौदाव्या लुईने 1683 मध्ये हा भेद मोडण्याचा हुकूम काढला, 1789 च्या क्रांतीने सर्वांना कायद्याने समान केले. तरी खेड्यांच्या मनातला भेद एकोणिसाव्या शतकातही रेंगाळला होता. आज कागो कोण, हे ओळखता येत नाही. आरो गावात त्यांच्यावर संग्रहालय आहे. गावांनी आपली लाज पुसून टाकली नाही, ती पाहुण्यालाही बघू दिली. याचा अर्थ फ्रान्स निर्दोष झाला असा नाही. 2005 साली पॅरिसच्या उपनगरांत स्थलांतरितांची पोरे का पेटून उठली, हे ज्याला कळते तो असे म्हणणार नाही.

आता आपली सहल. 1934 साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळकडे निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबले. दाराशी पाण्याने भरलेले लहानसे टाके होते. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून काहींनी तोंड-हात धुतले. एक म्हातारा ओरडत आला, टाके बाटवले म्हणाला, आणि गर्दी जमली. शेवटी किल्ला पाहायला सोडले, पण सोबत हत्यारी शिपाई दिला. वाटाड्या म्हणून नव्हे. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

दौलताबादला आजही सहली येतात. चाँदमिनार, मेंढा तोफ, अंधारीचा भुयारी रस्ता, सगळे दाखवले जाते. पुढच्या खेपेला गेलात तर दाराशी थांबा आणि वाटाड्याला विचारा, 1934 चे ते टाके कुठे होते?