दुपारी चढ न चढणारी एसटी

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावापाशी थांबलो होतो. घडा, कुंभार, माती हे सगळं झालं. जाताना कुणीतरी म्हणालं, सर, घड्याच्या पलीकडचं एखादं उदाहरण द्या. तर आज बसचं देतो. फक्त ही बस खरी नाही, संगणकातली आहे.

माझा नातू इथेच यवतमाळला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी प्रोजेक्टसाठी युनिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आभासी गाव उभं केलं. गावात बसस्थानक, भोवती कापसाची शेतं, पुढे पुसदच्या वाटेवर लागतो तसा चढ, आणि त्यावर लाल एसटी. मे महिना होता, पारा 44 च्या वर. एक दिवस तो वैतागून माझ्याकडे आला. "आबाजी, गाडी सकाळी मस्त चढते अन् दुपारी चढूनच नाही राहिली! कोड तोच, गाडी तीच." प्रोजेक्ट दाखवायचा होता परवा, दुपारी तीन वाजता. मी म्हणून गेलो, "तुझंच काही चुकत असेल." हे काही उत्तर नव्हे, हे बोलतानाच मला कळत होतं.

त्यानं इंजिनाचा जोर दीडपट करून पाहिला होता. दुपारी बस कशीबशी वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बस माथ्यावरून उडाली आणि थेट कापसात जाऊन पडली. लक्षणावर औषध दिलं की असं होतं.

आता न्यायशास्त्रातलं ते गाढव आठवा. कुंभाराकडे माती गाढवावरून आली, म्हणून गाढव काही घड्याचं कारण ठरत नाही. ते अन्यथासिद्ध, म्हणजे त्याच्यावाचून घडा अडत नाही. मी नातवाला विचारलं, यात तुझं गाढव कोणतं? तो हसला. म्हणाला, "दुपार." बरोबर. घड्याळात तीन वाजले हे संगणकातल्या बसला कुठून कळणार? मग दुपारबरोबर आणखी काय बदलतं? ऊन. उन्हानं लॅपटॉप तापतो. तापला की आपला जीव वाचवायला तो वेग कमी करतो, आणि पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं उमटत होती तिथं 25 उमटू लागतात.

पण चित्रं कमी झाली तर बस थकावी का? खरी गोम इथं आहे. त्या आभासी जगात दोन घड्याळं चालतात. एक चित्रांचं. ते कधी जलद, कधी हळू. दुसरं भौतिकीचं, म्हणजे वजन, घर्षण, धडक यांचा हिशेब करणारं. ते युनिटीत, तुम्ही मुद्दाम बदललं नाही तर, दर 0.02 सेकंदाला टोला देतं, म्हणजे सेकंदाला 50. गुरुत्वाकर्षण या दुसऱ्या घड्याळावर बसलेलं. पोरांनी बसला पुढे ढकलणारी ओळ मात्र पहिल्यावर, अपडेट नावाच्या भागात, लिहिली होती. आणि एक धक्का म्हणजे एका टोल्यापुरताच जोर. सकाळी बसला सेकंदाला 60 धक्के, दुपारी 25. मागे खेचणारं गुरुत्वाकर्षण दोन्ही वेळा पुरेपूर 50. निम्म्याहून कमी जोरावर कोणती एसटी चढ चढेल? ड्रायव्हर बिचारा काय करणार!

तर्क झाला, पण तर्कावर थांबायचं नाही. अन्वय-व्यतिरेक दोन्हीकडून लावायचा. दुपारी लॅपटॉप कूलरसमोर ठेवला, बस चढली. मग पहाटे, थंड खोलीत, चित्रांवर मुद्दाम 25 ची मर्यादा घातली, बस अडली. दुपार नाही, ऊन नाही, तरी अडली! म्हणजे ऊनसुद्धा थेट कारण नव्हे, ते चित्रं कमी करतं एवढंच. या दुसऱ्या प्रयोगावाचून आपण कूलरलाच उपाय समजून बसलो असतो. आपल्या विदर्भात तर हमखास.

दुरुस्ती एवढीच, की ती ओळ तिथून उचलून फिक्स्डअपडेट नावाच्या भागात नेली, जो दुसऱ्या घड्याळावर चालतो. वाढवलेला जोर काढला आणि नव्यानं बेताचा ठरवला. नातवाला मी "माझं चुकलं" म्हणालो, तेव्हा तो कोडमध्ये इतका बुडालेला होता की त्यानं ऐकलंच नाही.

परवा तीन वाजता बस चढली. चित्र अडखळत होतं, तो उन्हाचा वाटा होताच. पण नागपूरच्या रस्त्याला पोरांनी तिला नेलं नाही, कारण तिकडे गेली की ती थरथरायची. तो वेगळाच रोग. बसची जागा संगणक एका मूळबिंदूपासून मोजतो, इथं तो बसस्थानकात होता, आणि त्या आकड्यात साधारण सातच अंक खात्रीचे असतात. किलोमीटरभर अंतरावर मोजपट्टीवरच्या दोन खुणांमध्ये एक मिलिमीटरही नसतो. शंभर किलोमीटरवर तेच अंतर जवळजवळ 8 मिलिमीटर होतं. मधल्या जागी चाक असूच शकत नाही, ते या खुणेवरून त्या खुणेवर उडी मारतं. उपाय असा की बस दूर जाऊ लागली की तिला उचलून पुन्हा मूळबिंदूपाशी ठेवायचं, आणि रस्ता, शेतं, झाडं, सगळं जग तेवढंच मागे सरकवायचं. ते काम त्यांनी जूनमध्ये केलं, पहिला पाऊस पडल्यावर.