पेन्शनर आणि लोकल बोर्ड : गोपाळबाबा वलंगकर यांच्या सार्वजनिक जीवनाची पार्श्वभूमी

इ. स. 1895 मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारने गोपाळबाबा वलंगकर यांची नेमणूक केली. वलंगकर हे महाडजवळच्या रावढळ गावचे महार, मुंबई इलाख्याच्या सैन्यातून निवृत्त झालेले पेन्शनर. बोर्डाच्या वरिष्ठ जातींतील सभासदांना ही नेमणूक रुचली नाही आणि तत्कालीन वृत्तपत्रांतून तिच्यावर बराच वाद झाला. एका तालुक्याच्या बोर्डावरील एका जागेसाठी एवढे वादंग का व्हावे, आणि त्या जागेपर्यंत एक निवृत्त शिपाई पोहोचला कसा, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लष्करी पेशातून सार्वजनिक जीवनात आलेल्या माणसांविषयी लिहिताना शिस्त, धैर्य आणि नेतृत्व या गुणांचा उल्लेख करण्याची रीत आहे. हे गुण वलंगकरांच्या ठिकाणी नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तथापि केवळ गुणांनी त्यांच्या कार्याचा उलगडा होत नाही, कारण ते गुण गावात राहिलेल्या महारांच्या ठिकाणीही असू शकत होते. त्यांच्याजवळ नव्हते ते गावापासून स्वतंत्र असे उत्पन्न. महार हा गावचा वतनदार नोकर; निरोप पोहोचविणे, सीमेची ग्वाही देणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही त्याची कामे आणि त्यांबद्दल मिळणारे बलुते हे त्याच्या निर्वाहाचे साधन. बलुते खळ्यावर कुणब्याच्या हातून मिळे. ज्याच्या हातून धान्य घ्यावयाचे त्याच्याच पाणवठ्यावर हक्क सांगावयाचा, ही गोष्ट बोलण्यास सोपी आहे. वर्षभराच्या पोटाचा प्रश्न समोर असता ती करणे फार कठीण. लष्करी पेन्शन मात्र सरकारी खजिन्यातून मिळत असे. रक्कम अल्प असेल, पण ती बंद करणे गावाच्या हाती नव्हते. वलंगकरांच्या राजकारणाचा पाया शोधावयाचा झाल्यास तो प्रथम येथे शोधला पाहिजे, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट साक्षरतेची. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महारांची भरती आरंभापासून होत होती. 1 जानेवारी 1818 रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी जी नावे कोरलेली आहेत, ती या भरतीची साक्ष देतात. पलटणींतून शिपायांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शाळा चालत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत दीर्घकाळ हेडमास्तर होते. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी चढणे महाराच्या मुलास दुर्घट होते, त्या काळात छावणीतील महार मुले व मुलीही लिहावयास वाचावयास शिकत होती. याखेरीज लष्करी जीवनात आणखी एक शिक्षण नकळत मिळे, आणि त्याकडे अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष जात नाही. अर्ज कोणाकडे करावा, तो कोणत्या क्रमाने वरच्या अधिकाऱ्याकडे जातो, नियमाचा आधार कसा द्यावा, उत्तर न आल्यास स्मरण कसे द्यावे, हे सारे शिपायास बदली, रजा, बढती आणि पेन्शन यांच्या निमित्ताने अनुभवाने कळत असे. पुढील राजकारणाचे मुख्य हत्यार अर्ज हेच होते.

सुमारे 1840 च्या आसपास जन्मलेले वलंगकर 1886 मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीस येऊन राहिले. दापोली ही निवड सहज झालेली नव्हती. 1818 नंतर इंग्रजांनी तेथे छावणी वसविली. छावणी गेल्यावरही ‘कँप दापोली’ हे नाव टिकले आणि कोकणातील अनेक निवृत्त शिपायांनी तेथेच बिऱ्हाड केले. अशा रीतीने पेन्शन घेणारी, थोडीबहुत लिहिणारी-वाचणारी आणि मुलांच्या शिक्षणाविषयी आग्रही असलेली महार कुटुंबे एका ठिकाणी जमली. 1890 नंतरच्या दशकात दापोलीच्या शाळेत या पेन्शनरांच्या मुलांना आत न घेता व्हरांड्यात बसविण्यावरून तंटा झाला, तो याच वस्तीमुळे. एखाददुसऱ्या घराने असा तंटा उभा केला नसता.

जोतीराव फुले यांच्या विचारांचा वलंगकरांवर खोल परिणाम झाला होता. ‘दीनबंधु’ पत्रातून ते लिहीत. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पत्रिका प्रसिद्ध केली. अस्पृश्यतेला आधार कोणता, असे तीत त्यांनी हिंदू समाजाच्या पुढाऱ्यांना प्रश्नरूपाने विचारले आहे. प्रश्न विचारण्याची ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. उत्तर देण्याची जबाबदारी ती प्रतिपक्षावर टाकते. याच सुमारास त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था स्थापन केली. ‘अनार्य’ हा शब्द फुल्यांच्या विचारसरणीतून आलेला आणि ‘दोष परिहारक’ हा शब्द स्वसमाजाच्या सुधारणेकडे, विशेषतः मृतमांस सोडण्याच्या उपदेशाकडे, बोट दाखविणारा. बाहेरच्यांशी वाद आणि घरच्यांना उपदेश अशी दुहेरी भूमिका त्या नावातच आहे.

मंडळीचे कार्य सुरू असतानाच पायाखालची जमीन सरकली. उत्तर हिंदुस्थानातील काही जमातीच तेवढ्या ‘लढवय्या’ होत, ही समजूत लष्करी वरिष्ठांत बळावली आणि 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या पेशाने ही पेन्शनर पिढी घडविली तो पेशाच पुढील पिढीस बंद झाला. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून 1894 च्या सुमारास वलंगकरांनी एका अर्जाचा मसुदा तयार केला. अस्पृश्य मानलेले लोक मूळचे क्षत्रिय असून दुष्काळात निषिद्ध अन्न खाल्ल्यामुळे बहिष्कृत झाले, असा युक्तिवाद त्यात आहे. मंडळीच्या नावातील ‘अनार्य’ आणि अर्जातील ‘क्षत्रिय’ यांचा मेळ बसत नाही, हे उघड आहे. परंतु अर्ज ज्यांच्याकडे जावयाचा त्यांना लढवय्येपणाचाच पुरावा हवा होता. अर्जदाराने त्यांच्या भाषेत बोलावे यात नवल नाही. मला यात वैचारिक दौर्बल्यापेक्षा जुन्या शिपायाची व्यवहारदृष्टी अधिक दिसते.

या पार्श्वभूमीवर 1895 मधील नेमणूक पाहिली पाहिजे. लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात 1884 चा लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्हा व तालुका अशा दोन पायऱ्यांवर बोर्डे स्थापन झाली. काही सभासद मर्यादित मतदारवर्गाने निवडावयाचे आणि काही सरकारने नेमावयाचे, अशी व्यवस्था होती. शेतसारा आणि मालमत्ता यांवर आधारलेल्या मतदारवर्गाकडून महार सभासद निवडून येण्याची शक्यता त्या काळी नव्हतीच. तेव्हा सरकारी नेमणूक हाच एक मार्ग उरतो. या मार्गाचा दोषही तेथेच आहे. नेमलेला सभासद ज्यांच्या वतीने बोलतो त्यांनी त्यास पाठविलेले नसते आणि ज्यांच्यात तो बसतो त्यांना तो नको असतो. त्याला आधार असतो तो केवळ सरकारी मर्जीचा, आणि तीच मर्जी दोन-तीन वर्षांपूर्वी भरतीच्या बाबतीत कशी फिरली ते वलंगकरांनी पाहिले होते.

मग वरिष्ठ जातींच्या सभासदांनी एवढा विरोध का करावा? बोर्डाचे अधिकार मोठे नव्हते. शेतसाऱ्यावरील रुपयामागे एक आणा पट्टी हे उत्पन्नाचे मुख्य साधन आणि रस्ते, विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा व देवी टोचणे ही कामे. ही यादी पुन्हा वाचून पाहावी. विहीर, तळे, धर्मशाळा आणि शाळा : जेथे अस्पृश्यांस मज्जाव होता नेमक्या त्याच जागा बोर्डाच्या देखरेखीखाली होत्या. ज्या विहिरीवर पाणी भरण्यास बंदी, तिच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करण्यासाठी महाराने एकाच बैठकीत बसावे, अशी ही स्थिती होती. विटाळाचे कारण पुढे केले गेले असले, तरी बैठकीत कोणाचे मत मोजावयाचे हा प्रश्न त्यामागे होता, असे मानण्यास जागा आहे.

वलंगकर 1900 मध्ये रावढळ येथे निवर्तले. महारांची भरती पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये पुन्हा सुरू होऊन 111 वी महार पलटण उभी राहिली; ती 1921 मध्ये मोडण्यात आली. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले करावेत असे त्यात म्हटले होते. त्यानुसार महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, पण पाणी घेण्यास कोणी धजले नाही. मार्च 1927 मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. 20 मार्च रोजी डॉ. आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरील हक्काचा दावा दहा वर्षे चालून मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा वलंगकरांच्या महाड बोर्डावरील नेमणुकीस बेचाळीस वर्षे झाली होती.