फ्रीजला ताप आला तर...

उलट्या-जुलाबाचा रुग्ण आला की आमचे प्रश्न ठरलेले असतात. बाहेर काही खाल्ले होते का? कुठल्या समारंभाला गेला होता का? पाणी कुठले प्यायलात? ‘छे, घरचेच खाल्ले, तेही फ्रीजमध्ये ठेवलेले’ असे उत्तर आले की बरोबर आलेले नातेवाईक निर्धास्त होतात. पण फ्रीजमध्ये ठेवलेले म्हणजे थंड ठेवलेले, हे फ्रीज नीट चालत असेल तरच खरे. आतला दिवा लागतो, मोटर घुमते, वरच्या कप्प्यात बर्फही जमतो, आणि तरीही खालच्या कप्प्यातले तापमान १२-१४ अंश सेल्सिअसवर गेलेले असू शकते. हाताला ते गारच लागते. जंतूंना मात्र ते चालून जाते.

सरकारी लसीकरण केंद्रात लशींचा फ्रीज असतो. त्याच्यावर थर्मामीटर आणि नोंदवही असते. तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये आहे ना, हे रोज सकाळ-संध्याकाळ पाहून लिहिले जाते. घरातल्या फ्रीजमध्ये दूध, मासे, बाळाचे सरबती औषध आणि आजोबांचे इन्सुलिन अशा सगळ्याच गोष्टी असतात, पण त्याचे तापमान वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसते. पावसाळा तोंडावर आहे. वीज जाण्याचे, पोट बिघडण्याचे आणि डासांचे हे दिवस. म्हणून आज या यंत्राच्या तब्येतीविषयी.

चार अंशांचे गणित

अन्न बिघडवणाऱ्या बहुतेक जंतूंना साधारण ५ ते ६० अंश हा पट्टा मानवतो. त्यातही आपल्या शरीराच्या तापमानाच्या आसपास त्यांची चंगळ असते. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब केला तर एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. तापमान ४ अंश किंवा त्याखाली असेल तर हा वेग फार मंदावतो. तो थांबत मात्र नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक असतो. म्हणून खालचा भाग ४ अंशांपर्यंत आणि फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असावा.

‘उकळून घेतले की झाले’ हा समज अर्धाच खरा आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच तयार करून ठेवलेले विष मरत नाही. बासुंदी, पेढे, पनीर यांत वाढणारा स्टॅफिलोकोकस आणि शिळ्या भातात वाढणारा बॅसिलस सेरिअस यांची विषे उष्णतेला दाद देत नाहीत. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. वास आणि चव यांवरही विसंबू नका, कारण असे अन्न वासाला चांगले असू शकते.

तापमान मोजणे सोपे आहे. फ्रीजचा साधा थर्मामीटर बाजारात मिळतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात तो बुडवून पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच आकडा वाचा. तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, तो ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही.

इन्सुलिनचे दोन शत्रू

मधुमेही रुग्णाची साखर अचानक वाढली की आहार आणि गोळ्यांचा हिशेब होतो. इन्सुलिन कुठे आणि कसे ठेवले होते, हे विचारायला हवे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. उष्णता हा त्याचा एक शत्रू आणि गोठणे हा दुसरा. थर्मोस्टॅट बिघडून फ्रीज अति गार झाला, किंवा कुपी फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून राहिली, तर इन्सुलिन गोठते. वितळल्यावर काही प्रकारांत गुठळ्या दिसतात, पण पारदर्शक इन्सुलिन पूर्वीसारखेच स्वच्छ दिसू शकते. गोठलेले इन्सुलिन कितीही महाग असले तरी टाकून द्यावे. त्याचा भरवसा राहिलेला नसतो.

वापरायला काढलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. ही खोली २५ ते ३० अंशांची धरलेली असते, नेमकी मर्यादा वेष्टनावर पाहावी. विदर्भातल्या उन्हाळ्यातली खोली या व्याख्येत बसत नाही. फ्रीज नसेल किंवा बंद पडला असेल, तर कुपी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा पाणी शिंपडून ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावा. बाष्पीभवनाने मडक्यातले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच खाली राहते. दुरुस्ती होईपर्यंत शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये जागा मिळाली तर उत्तमच.

लक्षणे आणि निदान

बिघाडाचीही लक्षणे असतात. वरचा कप्पा गार आणि खालचा कोमट, असे डबल डोअर फ्रीजमध्ये झाले तर बहुधा आतल्या कॉइलवर बर्फ साचून हवेची वाट बंद झालेली असते. अशा फ्रीजमध्ये ठराविक वेळाने हा बर्फ वितळवणारा हीटर असतो. तो किंवा त्याचा सेन्सर बिघडला की हे होते. हवा फिरवणारा पंखा अडकला तरी लक्षण हेच.

मोटर सतत चालते, थांबतच नाही? आधी दाराचे रबर तपासा. दारात कागद ठेवून दार लावा आणि कागद ओढा. तो सहज निसटला तर रबर सैल झाले आहे. कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसल्यावर पुष्कळदा काम भागते, नाही तर नवे बसवावे लागते. मागची जाळी धुळीने माखली असेल किंवा फ्रीज भिंतीला टेकला असेल, तरीही आतली उष्णता बाहेर पडत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने जाळी साफ करणे आणि मागे चार बोटे जागा सोडणे, हे घरचे उपचार.

तळाशी पाणी साचते? बर्फाचे पाणी बाहेर नेणारे छिद्र तुंबले असेल. कोमट पाण्याने ते मोकळे होते. सिंगल डोअर फ्रीजमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला की डीफ्रॉस्ट करावे. मात्र सुरी, चमचा किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ कधीही खरवडू नका. त्या पातळ पत्र्यात गॅसच्या नळ्या असतात. एक टोच्या लागला की गॅस गेला आणि शंभर रुपयांची घाई हजारांत पडली.

मोटर सुरू होताना टकटक आवाज येऊन बंद पडत असेल, मोटर चालू असूनही गारवा अजिबात नसेल, जळका वास येत असेल, तर घरगुती उपाय थांबवून प्लग काढावा. आणि फ्रीजला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर तो बिघाड नव्हे, धोक्याची घंटा आहे. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला हा झटका जिवावर बेतू शकतो. फ्रीजला पुन्हा हात न लावता घराचा मुख्य स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. थ्री-पिन प्लगची जाड पिन काढून फ्रीज चालवणारी घरे मी पाहिली आहेत. ती पिन जीव वाचवण्यासाठीच असते. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घेणे हा खरा विमा.

मागचा ट्रे पाहिलात?

डेंग्यूच्या सर्वेक्षणाला घरी येणारे आरोग्य कर्मचारी कुंड्यांबरोबर फ्रीजच्या मागे का डोकावतात? डीफ्रॉस्टचे पाणी तिथल्या ट्रेमध्ये साचते, आणि स्वच्छ, स्थिर, सावलीतले पाणी एडिस इजिप्ती डासाच्या मादीला हवेच असते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ट्रे ओता, आणि नुसता ओतू नका, घासा. अंडी कडांना चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात.

मेकॅनिकला काय विचारावे

‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. फ्रीजचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठे तरी गळती आहे. म्हणून पहिला प्रश्न, गळती कुठे सापडली? नीट दुरुस्तीत गळती शोधून सांधा जोडतात, फिल्टर बदलतात, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढतात आणि मग काट्यावर मोजून गॅस भरतात. हे न करता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

हा गॅस विषारी असतो का, असे रुग्णही विचारतात. शंभर वर्षांपूर्वी होता. तेव्हा सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू वापरत. बर्लिनमध्ये अशा गळतीने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन यांनी लिओ झिलार्ड यांच्याबरोबर सुरक्षित फ्रीज शोधण्याचा ध्यास घेतला. १९३० मध्ये त्यांना त्याचे अमेरिकी पेटंटही मिळाले. पुढे आलेले सीएफसी वायू माणसाला निरुपद्रवी ठरले, पण ओझोनचा थर विरळ करू लागले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तेही हद्दपार झाले. आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. घरच्या फ्रीजमधले त्याचे काही ग्रॅम विषारी नाहीत, पण ते पेट घेतात, आणि स्वयंपाकाच्या गॅससारखा इशारा देणारा वास त्यात मिसळलेला नसतो. त्यामुळे गॅसचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच, खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडी, देवाजवळचा दिवा विझवून करून घ्यावे. कुठला गॅस आहे ते फ्रीजच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले असते.

कंपनीचा क्रमांक वॉरंटी कार्डावरून किंवा फ्रीजवरच्या स्टिकरवरून घ्या. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक भामट्याचा निघून खाते रिकामे झाल्याच्या तक्रारी होत असतात. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. कॉम्प्रेसरची हमी बाकी फ्रीजपेक्षा पुष्कळदा जास्त वर्षांची असते, तीही पाहा. बदललेला सुटा भाग मागून घ्या आणि पक्के बिल घ्या.

दुरुस्ती होईपर्यंत

वीज गेली किंवा फ्रीज बंद पडला तर दार उघडू नका. बंद दाराआड खालचा कप्पा सुमारे चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. चार तासांनंतर दूध, शिजवलेले अन्न, मांस, मासे, पनीर, खरवस यांचा मोह सोडा. लोणचे, मुरंबा, लोणी, अख्खी फळे-भाज्या चालतील. शिजवलेले अन्न एरवीही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे, कडक उन्हाळ्यात तासाभरात. वीज आली की फ्रीज लगेच सुरू करू नका, तीन-चार मिनिटे थांबा, म्हणजे कॉम्प्रेसरवर ताण येत नाही.

गावाला जाताना एक युक्ती करा. वाटीभर पाण्याचा फ्रीजरमध्ये बर्फ करा आणि त्यावर एक नाणे ठेवून जा. परतल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. बर्फाच्या तळाशी गेले असेल, तर तुमच्यामागे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. ते अन्न टाकून द्या.

फ्रीजची दुरुस्ती ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हणून ढकलली जाते. ज्या घरात तान्हे बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा इन्सुलिन घेणारी व्यक्ती आहे, तिथे हा खर्च औषधपाण्याच्या खात्यात धरा. आज रात्री मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून झोपा. सकाळी चारच्या पुढचा आकडा दिसला, तर आधी थर्मोस्टॅटचे बटण एक घर पुढे सरकवा. दुसऱ्या दिवशीही तोच आकडा दिसला, तर मेकॅनिकला फोन करा.