अण्णांचा १०४ वर्षांचा संसार

महर्षी धोंडो केशव कर्वे ऊर्फ अण्णा म्हटलं की भारतरत्न आणि महिला विद्यापीठ आठवतं. मला मात्र त्यांच्यातला कष्टाळू, काहीसा अवघड प्रपंची माणूस जास्त ओढतो.

जन्म १८५८ चा, बालपण कोकणातल्या मुरूडचं. १८७५ मध्ये सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मित्रांसोबत डोंगर-घाट तुडवत पायी साताऱ्याला गेला. तिथल्या साहेबांना तो वयाने लहान वाटला, म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही! मॅट्रिक झाले तेव्हा २३ वर्षांचे होते. मुंबईत शिकवण्या करून घर चालवलं. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं.

पुढे पुण्यात दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याचा विधवांसाठीचा आश्रम गाठायचा. ५००० रुपयांची विमा पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. गोदूबाई म्हणजे बाया यावर चिडल्या, आणि त्यांचं काय चुकलं? पदरी पोरं होती. घर बायांनीच ओढलं, हे आपण फार कमी वेळा सांगतो.

थोरले चिरंजीव र. धों. संततिनियमनाचे प्रचारक, दुसरे एक चिरंजीव दिनकरराव यांची पत्नी म्हणजे इरावती कर्वे. घर काही साधंसुधं नव्हतं!

सत्तरी ओलांडल्यावर अण्णा युरोप-अमेरिका फिरले, बर्लिनमध्ये आइनस्टाइनला भेटले. मग आफ्रिकेचाही दौरा केला. पंचाहत्तरीनंतर खेड्यांतल्या शाळांसाठी पुन्हा वर्गणी गोळा करायला बाहेर पडले. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांचं 'आत्मवृत्त' मिळालं तर जरूर वाचा.