हिरव्या-काळ्या चौकडीचा अंगरखा

‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी अ‍ॅनिमे चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात लागला, हिंदी-तमिळ-तेलुगूतही आला आणि त्याच्या कमाईची चर्चा सगळीकडे झाली. त्या आकड्यांपेक्षा मला त्याच्या पोस्टरवरचे कपडे महत्त्वाचे वाटतात.

नायक तांजिरोचा अंगरखा हिरव्या-काळ्या चौकडीचा. ही नक्षी ‘इचिमात्सु’. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु हा काबुकी नट ती लेवून रंगमंचावर आला, तेव्हापासून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. चौकडी कुठेच संपत नाही, म्हणून ती भरभराटीची खूण. टोकियो ऑलिम्पिकचे बोधचिन्हही त्याच नक्षीवर बेतलेले होते. बहीण नेझुकोच्या गुलाबी किमोनोवर ‘असानोहा’ आहे, म्हणजे हेम्पच्या पानांची नक्षी. हे झाड सरळ आणि झपाट्याने वाढते, म्हणून जपानी आया तान्ह्या बाळाला या नक्षीचे कपडे घालत. कथेत ही मुलगी राक्षसीण झाली आहे, आणि तिच्या अंगावर मात्र लेकरू नीट वाढो ही प्रार्थना! सतत घाबरणाऱ्या झेनित्सुच्या पिवळ्या अंगरख्यावर त्रिकोण आहेत. ते खवले, अरिष्ट टाळणारे. चेहरे झाकले तरी पोस्टरवर कोण कुठे उभे आहे ते कळते.

हा चित्रपट ज्या चित्रकथेवर बेतला आहे तिचा प्रकाशक शुएशाने २०२० मध्ये या नक्ष्यांची व्यापारचिन्हे म्हणून नोंदणी मागितली. गियु, शिनोबु आणि रेंगोकु या इतर पात्रांच्या अंगरख्यांना ती मिळाली. तांजिरो, नेझुको आणि झेनित्सु यांच्या नक्ष्यांना जपानच्या पेटंट कार्यालयाने नकार दिला. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. शतकानुशतके लोकांनी वापरलेली नक्षी एका कंपनीची कशी होईल?

पुसद परिसरातल्या तांड्यांवर ज्येष्ठ बंजारा स्त्रियांची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, पाहिलेल्यांना कपड्यांवरच्या नक्षीची ही भाषा परकी वाटू नये. आरसे, कवड्या, टाक्यांच्या रांगा. त्या वेशावरून बाई कुठली हे लांबूनच ओळखू येते. इतका ऐवज दाराशी असताना आपल्या बहुतेक मराठी पोस्टरांवर नटांचे चेहरेच दाटीवाटीने बसवलेले असतात, वेश निव्वळ शोभेपुरता. पोस्टर करणाऱ्यांचा हा आळस आहे, दुसरे काही नाही.

वहीच्या मागच्या पानावर तांजिरो काढणारी मुले आता गावोगावी आहेत. पुसदच्या चित्रकला शिक्षकांना विनंती, या मुलांना रागावू नका. एखाद्या रविवारी त्यांना तांड्यावर न्या, तिथल्या आजींची परवानगी घ्या आणि कांचळीवरचा एकेक टाका मुलांकडून कागदावर उतरवून घ्या.