मालिबूचा सागरी रस्ता

कॅलिफोर्नियातील मालिबू हे गाव डोंगर आणि पॅसिफिक महासागर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे. गाव कसले, सुमारे २१ मैल लांबीचा एक रस्ताच म्हणा ना! पॅसिफिक कोस्ट हायवे हे त्या रस्त्याचे नाव. सुटीच्या दिवशी लॉस एंजलिसची मंडळी समुद्र पाहण्यासाठी येथे येतात, मोटार कडेला लावतात आणि मुलांचा हात धरून पलीकडे जातात. कित्येक घरांच्या मोटारखान्यांची दारेही थेट याच रस्त्यावर उघडतात. गावातली गल्ली, सहलीचे ठिकाण आणि राज्याचा महामार्ग ही तिन्ही कामे त्या एकट्या रस्त्याच्या माथी आली आहेत. आणि त्याच्या बऱ्याच भागात वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, अशी होती.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री या रस्त्याच्या कडेला पेपरडाइन विद्यापीठाच्या चार विद्यार्थिनी भरधाव मोटारीखाली सापडून मरण पावल्या. पुढे तेथे ५८ पांढरे टायर मांडण्यात आले. २०१० पासून त्या रस्त्यावर बळी पडलेल्यांची ती संख्या होती. वेग आवरा, ही रहिवाशांची मागणी मात्र त्या रात्रीपेक्षा पुष्कळ जुनी होती.

मग ती पुरी का होत नव्हती? रस्ता राज्याचा असल्यामुळे नगरसभेला आपल्याच दारातला वेग ठरविता येत नसे, हे एक कारण. दुसरे अधिक विलक्षण आहे. तेथील पद्धतीनुसार रस्ता मोकळा असताना मोटारी किती वेगाने धावतात हे मोजतात, आणि शंभरांपैकी पंचाऐंशी चालक ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग मर्यादेचा पाया धरतात. बहुसंख्य चालक शहाणे असतात, असा यामागचा विश्वास. योग्य पाहणीचा आधार नसताना मर्यादा खाली आणली, तर रडारने पकडलेल्या चालकाविरुद्धचा पुरावा न्यायालयात टिकत नाही. रस्ता सरळ, रुंद आणि रम्य असला की लोक वेगाने जातात. ते वेगाने जातात म्हणून मर्यादा वाढते. या मोजणीत चालणाऱ्याचे मत कोणी विचारीतच नाही! नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; पण सरकारी नोकरीत अर्धे आयुष्य घालविल्यावर मला अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या सूत्रांचीच अधिक भीती वाटते.

वेग ताशी ३० मैलांवरून ४५ वर गेला, तर तो दीडपट झाला असे आपण म्हणतो. पण गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून आघात सव्वादोनपट होतो. पादचाऱ्याच्या हाडांना हाच हिशेब कळतो.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमात राज्य सरकारला विशिष्ट रस्त्यावर वेगाचे निर्बंध घालता येतात, ते सार्वजनिक सुरक्षितता वा सोय आणि रस्त्याचे स्वरूप पाहून. शब्द तरी योग्य आहेत.

कॅलिफोर्नियात २०२१ साली झालेल्या कायद्याने ते पंचाऐंशीचे सूत्र थोडे सैल केले. वेग टिपणारे कॅमेरे बसविण्याची मुभा देणाऱ्या दुसऱ्या कायद्यावर गव्हर्नरांची सही झाली ती १३ ऑक्टोबर २०२३ रोजी, त्या अपघाताच्या अवघे चार दिवस आधी. पण त्यात सहा शहरे होती, मालिबू नव्हते. मृतांचे आप्त, रहिवासी आणि नगरसभा यांनी राजधानीचे उंबरठे झिजविले, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये मालिबूसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पाच कॅमेऱ्यांना परवानगी मिळाली. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस मालकाच्या घरी जाते.

जानेवारी २०२५ मधील वणव्यात या रस्त्याकाठची कित्येक घरे जळाली. मे महिन्यात रस्ता पुन्हा खुला झाला, तेव्हा जळालेल्या भागात मर्यादा होती ताशी २५ मैल.