वाळणारं स्वयंपाकघर

किनारपट्टीच्या दमट हवेत नवं स्वयंपाकघर आखताना पहिला प्रश्न एकच: इथलं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी या सगळ्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा बहुतेक वेळ या आकड्याच्या वरच असते. म्हणून बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, पापड चिवट होतात, रव्याच्या गुठळ्या होतात. त्याच दिवसांत ट्रॉलीचा प्लाय फुगतो, बिजागऱ्या तांबूस पडतात आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या पाठीवर काळपट बुरशी चढते. मीठ टाकून नवं आणता येतं. लाखभर रुपये घालून केलेलं स्वयंपाकघर असं बदलता येत नाही.

अडचण अशी, की मॉड्युलर किचनची घडण मुळात ज्या देशांतली, तिथं थंडीत घरं आतून तापवतात आणि त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांची, चारी बाजूंनी बंद कपाटं तिथं वर्षानुवर्षं टिकतात. आपल्याकडे तीच कपाटं तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात हात टेकतात. दोष प्रत्येक वेळी सुताराचा नसतो.

रोजचं अर्धा लिटर पाणी

गॅस जळताना पाणी तयार होतं, पण ते दिसत नसल्यामुळे आपण ते धरतच नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यांतल्या हायड्रोजनचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन वाफ बनते. एक किलो गॅसमागे दीड किलोहून थोडं जास्तच पाणी. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी वाफेच्या रूपानं घरात सोडतो. सिलिंडर दीड महिना पुरत असेल, तर रोज अर्धा लिटर. भाताची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, चहाचं आधण हे वेगळंच. पाइपने गॅस घेणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. त्यातल्या मिथेनमध्ये हायड्रोजनचा वाटा मोठा, त्यामुळे तेवढ्याच आचेला पाणी उलट थोडं जास्त.

आता हवेची बाजू पाहू. आठ बाय दहाचं, नऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण २० घनमीटर हवा. जुलैतल्या २७ अंशांच्या आसपास एका घनमीटरात जास्तीत जास्त २६ ग्रॅम वाफ मावते, आणि बाहेरून आलेल्या हवेत त्यातली २२-२३ ग्रॅम आधीच भरलेली असते. म्हणजे खोलीभर हवेत जागा उरते ती ६० ग्रॅमची. चार मोठे चमचे पाणी!

शेगडी पेटलेली असते तेव्हा हवा तापते, आणि तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते. त्यामुळे तेव्हा काही जाणवत नाही. रात्री झाकपाक झाली, खिडकी लागली, हवा निवली, की जादा वाफ थंड जागा धरते: पावसानं भिजलेली बाहेरची भिंत, तिला चिकटलेली कपाटाची पाठ, सिंकची खालची बाजू. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली तर बुरशीला तेवढं पुरतं. त्यासाठी पाइप गळायला लागत नाही.

तेव्हा दमट हवेतलं स्वयंपाकघर भिजणार, हे गृहीत धरूनच पुढं जायचं. आखणी करायची ती दोन स्वयंपाकांच्या मधल्या वेळात ते वाळावं यासाठी.

चूल गेली, फटही गेली

कोकणातल्या जुन्या घरांत हे वाळवण्याचं काम चूल आणि कौलं मिळून करत. चूल पहाटेपासून धुमसत असे, भिंती आणि वासे कोमट राहत, आणि धुराबरोबर वाफही कौलांच्या फटींतून निघून जाई. वरच्या माळ्यावर सुकी मासळी आणि बियाणं टिके, ते या उबेमुळेच. त्या धुरानं बायकांच्या डोळ्यांचं आणि छातीचं केलेलं नुकसान मोठं होतं. चूल गेली याची हळहळ वाटायचं कारण नाही. पण चुलीबरोबर छपरातली वाटही बंद झाली. स्लॅबखालच्या खोलीत ती आता मुद्दाम करून द्यावी लागते.

पहिली वाट खिडकीची. किनाऱ्यावर पावसाची झड आत येते म्हणून खिडकी चार महिने बंद राहते, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी. स्वतःचं घर बांधत असाल तर खिडकीवर दोन फुटांचा तरी छज्जा घ्या आणि वरच्या भागात तिरप्या काचांच्या पट्ट्या ठेवा. फ्लॅटमध्ये छज्जा वाढवता येत नाही, पण तावदान बदलता येतं. सरकत्या खिडकीची एका वेळी अर्धीच बाजू उघडते आणि तीही पावसाला मोकळी. त्याऐवजी वर बिजागरी असलेलं, खालून बाहेर ढकलायचं तावदान बसवलं, तर सरळ पडणाऱ्या पावसातही ते उघडं ठेवता येतं.

दुसरी वाट पंख्याची. एक्झॉस्ट फॅन अनेक घरांत खिडकीच्याच वरच्या चौकटीत असतो. मग खिडकीतून आलेली हवा दोन हात फिरून तिथूनच बाहेर पडते, शेगडीकडे फिरकतही नाही. हवा येते त्याच्या समोरच्या बाजूला, उंचावर आणि शेगडीच्या जवळ पंखा असेल, तरच वाफ ओढली जाते.

तिसरी वाट चिमणीची, आणि सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. पाइपशिवायची चिमणी कोळशाच्या जाळीतून हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते. वास कमी होतो, तेल थोडं अडतं, पाण्याची वाफ मात्र जशीच्या तशी परत येते. दमट हवेत पाइपवालीच चिमणी घ्यावी. पाइप सहा इंची, शक्य तितका आखूड आणि कमीत कमी वळणांचा हवा. त्याचं तोंड इमारतीबाहेर हवं, ड्राय बाल्कनीत नव्हे. शेगडीपासून चिमणी दोन-सव्वादोन फुटांवर असावी. दुकानात ‘ताशी १२०० घनमीटर’ वगैरे आकडे सांगतात. आपल्या २० घनमीटरच्या खोलीला ते ऐकायला भरपूर वाटतात, पण जितकी हवा बाहेर जाईल तितकी आत यायलाही हवी. दारं-खिडक्या लावून चालवलेली मोठी चिमणी नुसता आवाज करते. स्वयंपाक संपल्यावर ती आणखी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवण्याची सवय मोठ्या मोटरपेक्षा जास्त उपयोगी.

कुणी विचारेल, पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, ती आत घेऊन काय साधणार? खोली बाहेरच्यापेक्षा कोरडी होणार नाही, हे खरं. पण फोडणी आणि कुकरनंतर आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त वाफ धरून असते, तेवढी तरी निघून जाते. उरलेलं पाणी वाळवायला हलती हवा लागते. ‘स्वयंपाकघरात पंखा नको, गॅस विझतो’ या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरातली बाई घामानं निथळत राहिली. भिंतीवरचा लहान पंखा सिंक आणि चिरण्याच्या जागेकडे वळवला, शेगडीकडे नाही, तर ज्योतही हलत नाही आणि ओटाही वाळतो.

हवेच्या वाटा सुरक्षिततेसाठीही लागतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच. पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. त्याला छताजवळ वाट लागते. इंडक्शनवर ज्वलन नसल्यानं तेवढं पाणी वाचतं. भाकरी फुगवायला आणि वांगं भाजायला ज्योत लागणारच. पण भात, डाळ, चहा, दूध इंडक्शनवर नेलं तरी भार बराच हलका होतो.

ओलं एकीकडे, कोरडं एकीकडे

सिंक, पाण्याचा फिल्टर, भांडी घासणं ही ओली बाजू. पीठ, डाळी, मिक्सर, रवा ही कोरडी. लहान स्वयंपाकघरात दोन्ही शेजारी येतात, तेव्हा मधे निदान चिरण्याची जागा तरी सोडावी. सिंक खिडकीखाली असलं की उडालेलं पाणी आपोआप वाळतं. मासळी साफ करायची मोरी ड्राय बाल्कनीत किंवा मागच्या दारी असेल तर निम्मा वास आणि निम्मी ओल आत येतच नाही.

भांड्यांच्या बाबतीत आपण जिंकलेली बाजी सोडून दिली. भिंतीवरची स्टीलची मांडणी, तिच्यात उभी ठेवलेली ताटं, टांगलेले पेले, खाली ठिबकणारं पाणी: दमट हवेसाठी याहून चांगली सोय अजून निघालेली नाही. ती जुनाट दिसते म्हणून काढली आणि ओलसर ताटं बंद ट्रॉलीत रचू लागलो. मांडणी सिंकच्या वर आणावी, म्हणजे ठिबकणारं पाणी थेट सिंकमध्ये जाईल.

ओट्याला सिंककडे किंचित उतार हवा. दगडाच्या पुढच्या कडेखाली, आतल्या बाजूला एक बारीक खाच गवंड्याकडून मारून घ्यावी. ओघळ तिथं तुटतो आणि खालच्या शटरवर उतरत नाही. ओट्याची उंची उभ्या माणसाच्या कोपरापासून चार इंच खाली, आणि ती जो रोज स्वयंपाक करतो त्याच्या मापानं. सिंकचा तळ खोल असतो, म्हणून ती बाजू थोडी उंच ठेवली तर कंबर वाचते. नारळ खवायला विळी लागतेच. तिच्यासाठी बसण्याजोगी जागा नकाशातच धरावी.

दगडांमध्ये ग्रॅनाइट सगळ्यात बिनघोर. संगमरवर आणि कडाप्पा दोन्ही चुन्याच्या जातीचे. कोकम, चिंच, लिंबू सांडलं की डाग खातात. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये राळ असते, तिला गरम कढई सोसत नाही.

कपाट कशाचं?

दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो, तेव्हा पाटीवरचा शिक्का पाहावा. ‘एमआर’ प्लाय फक्त ओलावा सोसतो, पाणी नाही. ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. सिंकच्या आसपास तोच हवा. भुशाच्या पाट्या आणि एमडीएफ खालच्या कपाटांत नकोतच. पीव्हीसीची पाटी पाण्याला दाद देत नाही, पण शेगडीजवळच्या उष्णतेनं नरम पडते आणि तिच्यात स्क्रू सैल होतात. सिंकखाली ती ठीक. पाटी कुठलीही असो, पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. नळासाठी, पाइपसाठी पाडलेलं प्रत्येक भोक सील केलं का, हे शटर लावण्याआधी स्वतः वाकून बघावं.

विटांच्या किंवा कडाप्प्याच्या उभ्या पाट्या, आत स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेर ॲल्युमिनियमच्या चौकटीची शटरं, ही आपल्याकडची जुनी पद्धत आजही भक्कम आहे. तिला वाळवी लागत नाही, ती फुगत नाही. नंतर फेरफार करता येत नाहीत, ही तिची उणीव.

स्टीलमध्येही प्रकार आहेत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज, त्यामुळे खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबूस ठिपके पडतात. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथं फसते, कारण दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. अगदी समुद्रासमोर घर असेल तर मॉलिब्डेनम असलेलं ३१६ परवडेल तिथं वापरावं. सिंक चांगलं घेऊन बिजागऱ्या, चॅनेल आणि स्क्रू साधे लोखंडी घेतले, तर गंज तिथूनच सुरू होतो.

कपाटं चार इंची पायांवर उभी राहावीत, पाठ भिंतीपासून इंचभर सुटी असावी, आणि शटरला वर-खाली जाळी किंवा झडप असावी. बाहेरच्या भिंतीवर शक्यतो उघड्या फळ्या ठेवाव्यात; बंद कपाटं आतल्या भिंतीकडे न्यावीत. फरशांच्या सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी भरलं तर सांधे पाणी पीत नाहीत आणि काळे पडत नाहीत.

धान्याचा हिशेब मात्र उलटा. त्याला वारा लागता कामा नये. मे महिन्यात ऊन दाखवून केलेली बेगमी घट्ट झाकणाच्या डब्यांत, जमिनीपासून वर आणि कोरड्या बाजूला. रोजचं लहान डब्यात काढून घ्यावं, म्हणजे मोठा डबा जुलैभर उघडला जात नाही.

पैसे आणि मुहूर्त

हात आखडता घ्यायची वेळ आली तर क्रम असा: आधी हवेच्या वाटा, मग ओट्याखालच्या पाट्या आणि बिजागऱ्या, मग चिमणी. वरची कपाटं वर्षभरानं केली तरी चालतात. आणि जमलं तर एक पावसाळा त्या घरात काढून कुठली भिंत ओलावते, झड कुठून येते हे पाहूनच नकाशा पक्का करावा. गवंडीकाम दिवाळीनंतर सुरू करावं आणि कपाटं फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवावीत, कारण नवं प्लास्टर आणि पावसात भिजलेली भिंत दोन्हींना वाळायला वेळ लागतो. दसऱ्याचा मुहूर्त गाठायला ओल्या भिंतीवर कपाटं ठोकली, तर पहिली ओल आपणच आत कोंडलेली असते.